चार नॉबांत सूर किती मावतो?

१९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत पिएर शेफर घंटेच्या नादावर प्रयोग करत होते. घंटेवर घाव पडतो तो क्षण त्यांनी रेकॉर्डिंगमधून गाळला. घाव पडून गेल्यावरच आवाजाचं बटण वर नेलं. तबकडीवर जे उतरलं ते घंटेसारखं वाजेना. कुणीतरी फुंकवाद्यावर लांब सूर धरलाय असं वाटत होतं. घंटा तीच होती, धातू तोच, घुमणारी कंपनंही तीच. गेला होता तो सुरुवातीचा सेकंदाचा एक अंश. पियानोची टेप उलटी फिरवून ऐकली तरी असंच होतं. प्रत्येक स्वर हळूहळू फुगत येतो, मग पटकन तुटतो, आणि पियानोच्या जागी भात्याची पेटी ऐकू यायला लागते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की स्वराची जात त्यातल्या हार्मोनिक्सच्या, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतल्या वरच्या स्वरांच्या, प्रमाणावर ठरते. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. हार्मोनिक्स किती आहेत याइतकंच ती कधी येतात, किती वेगाने चढतात आणि त्यांतलं आधी कोणतं मावळतं यालाही महत्त्व आहे. सिंथेसायझरमध्ये हा काळाचा कारभार ज्याच्याकडे असतो तो एन्व्हलप जनरेटर. तरीही नव्याने शिकणारी मुलं सॉ-वेव्ह घ्यावी की स्क्वेअर यावर तासन् तास घालवतात आणि एन्व्हलपच्या नॉबांना शेवटी, घाईघाईत हात लावतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आवाजाची ओळख घडवण्यात मूळ लहर पुरवणाऱ्या ओसिलेटरपेक्षा एन्व्हलपचा वाटा मोठा आहे. मात्र गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभर रूढ असलेल्या चार नॉबांच्या पद्धतीत एक मोठी जागा रिकामी राहिली आहे, आणि ती आपल्या संगीताला विशेष जाणवते. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय या विषयाचा आढावा पुरा होत नाही.

एन्व्हलप स्वतः ऐकू येत नाही. तो मुळात नियंत्रण करणारा व्होल्टेज आहे. की दाबली की तो चढायला लागतो, ठरलेल्या वाटेने जातो आणि की सोडली की उतरतो. हा व्होल्टेज ॲम्प्लिफायरला दिला तर आवाज लहान-मोठा होतो, फिल्टरला दिला तर आवाजाची चमक बदलते, ओसिलेटरला दिला तर स्वराची उंची बदलते. बहुतेक यंत्रांवर त्याचे चार नॉब असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. शून्यापासून शिखरापर्यंत चढायला लागणारा वेळ तो अटॅक. शिखरावरून स्थिर पातळीला उतरायला लागणारा वेळ तो डिके. की सोडल्यावर सूर विझायला लागणारा वेळ तो रिलीज. सस्टेन मात्र वेळ नाही, ती पातळी आहे. की दाबून धरली असेपर्यंत सूर ज्या उंचीवर थांबतो ती पातळी. शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सस्टेन वाढवला म्हणून सूर लांबत नाही, सूर लांबवतं ते बोट. सस्टेन शून्यावर असला की डिकेचा वेळ संपला तिथे सूर संपला, मग की कितीही वेळ दाबून धरा. आणि सस्टेन पूर्ण वर नेला की डिकेच्या नॉबला काही कामच उरत नाही.

ओळखीच्या वाद्यांकडे या नजरेने पाहिलं की हे लवकर उमगतं. संतूरचा अटॅक जवळजवळ शून्य, सस्टेन शून्य, डिके लांब. पेटीचा अटॅक लहान, सस्टेन पूर्ण, रिलीज अगदी तोकडा. बासरीचा अटॅक किंचित रेंगाळणारा, कारण फुंकीला सूर धरायला क्षणभर लागतो. तबल्यावर 'ना' आणि 'कत्' यांच्यातला मोठा फरक डिकेचा आहे. संतूरसारखा आवाज बनवताना एक बारकावा हमखास सुटतो. रिलीज शून्यावर ठेवला तर बोट उचलताच सूर कापला जातो, आणि खऱ्या संतूरवर तसं होत नाही. कलम तारेवरून उचललं तरी तार वाजतच राहते. म्हणून अशा आवाजात रिलीजही डिकेइतकाच ठेवावा. मग की टिचकीसारखी दाबा किंवा धरून ठेवा, सूर सारखाच मावळतो.

ही कल्पना कुणा एकाच्या डोक्यातून आलेली नाही. हॅमंड कंपनीच्या १९३९ च्या नोव्हाकॉर्डमध्ये १६३ व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि स्वर ठोक्यासारखा सुरू व्हावा की हळू उगवावा हे निवडायला पायऱ्यापायऱ्यांचा नॉबही होता. पण वाद्यापासून सुटा, कुठल्याही गोष्टीला जोडता येईल असा एन्व्हलप आला तो १९६४ मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग यांच्या दुकानात संगीतकार हर्बर्ट डॉइच उन्हाळ्यात काम करायला आले होते. ओसिलेटर तयार होता, पण तो नुसता अखंड वाजायचा. स्वर सुरू कसा होतो आणि संपतो कसा, यावर आपला ताबा हवा, असं डॉइच यांचं मागणं होतं. मूग यांनी त्यांना समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दारावरच्या घंटीचं बटण आणायला पाठवलं. ते बटण दाबलं की कपॅसिटर भरायचा, सोडलं की रिकामा व्हायचा, आणि त्याप्रमाणे आवाज चढायचा-उतरायचा. आज जगातल्या प्रत्येक सिंथेसायझरमध्ये जे आहे त्याचं बीज त्या बटणात होतं.

त्याला चार भागांचा आकार दिला व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी. कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्राचे हे संगीतकार १९६५ मध्ये मूग यांच्याकडे काही उपकरणांची मागणी घेऊन आले, आणि त्यांना काय हवं आहे हे नेमकं ठाऊक होतं: चढण्याचा वेळ, पहिल्या उताराचा वेळ, मधली पातळी आणि शेवटच्या उताराचा वेळ. मूग यांच्या ९११ क्रमांकाच्या मॉड्यूलवर या चार गोष्टी आल्या, पण त्यांना आजची नावं नव्हती. वेळांना टी-१, टी-२, टी-३ अशी अक्षरं होती. अटॅक-डिके-सस्टेन-रिलीज ही सुटसुटीत नावं एआरपी कंपनीने रुळवली. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला, तेव्हा ही पद्धत भारतातही पोचली. १९७० च्या मिनीमूगवर तर तीनच नॉब होते. डिके आणि रिलीज एकाच नॉबवर होते, आणि रिलीज हवा की नको यासाठी वेगळा स्विच. तेवढ्यावर कित्येक वादकांनी आपलं सबंध आयुष्य वाजवलं.

सगळ्यांनाच हा आकार पटला नव्हता. लंडनच्या ईएमएस कंपनीच्या १९६९ च्या व्हीसीएस-३ वर अटॅक, ऑन, डिके आणि ऑफ असे नॉब होते. सूर चढतो, ठरलेला वेळ वर राहतो, उतरतो, ठरलेला वेळ गप्प बसतो आणि पुन्हा स्वतःच सुरू होतो. इथे की दाबणाऱ्या बोटाची गरजच नाही. कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांना पियानोसारख्या कीबोर्डचंच आकर्षण नव्हतं. त्यांच्या २९२ मॉड्यूलमध्ये प्रकाशाने रोध बदलणारा घटक होता. दिवा विझला तरी त्या घटकाचा रोध लगेच पूर्वपदावर येत नाही, थोडा रेंगाळतो. शिवाय आवाज आणि चमक दोन्ही एकदम उतरतात. लाकडावर किंवा कातड्यावर थाप मारली की नेमकं हेच घडतं, म्हणून त्या मॉड्यूलचा आवाज वीजमंडळातून आलेला वाटतच नाही. सत्तरच्या दशकात सर्ज चेरेप्निन यांनी आणखी कमी सामानात काम भागवलं: एक चढ, एक उतार, आणि दोन्हींचा वेग बाहेरच्या व्होल्टेजने बदलता येण्याची सोय. तेच मॉड्यूल कधी एन्व्हलप, कधी ओसिलेटर, तर कधी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं साधन. मॉड्युलर वाजवणाऱ्यांत ही कल्पना आज पुन्हा जोरात आहे. एन्व्हलप म्हणजे चार नॉब हे समीकरण कीबोर्डमुळे रुजलं, हे या वेगळ्या वाटा पाहिल्या की ध्यानात येतं.

आता थोडं वीजमंडळाच्या आत. कपॅसिटर रोधातून भरतो तेव्हा तो सारख्या वेगाने भरत नाही. उंचावरच्या टाकीतून नळीने खालची टाकी भरावी आणि दोन्हींची पातळी जवळ येऊ लागली की धार मंदावत जावी, तसं ते असतं. १ मेगाओमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर १ सेकंदात तो ६३ टक्के भरतो आणि उरलेलं भरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणूनच चांगल्या मंडळांत अटॅकच्या वेळी लक्ष्य मुद्दाम शिखरापेक्षा वरचं ठेवतात आणि शिखर गाठताच चढ तोडतात, म्हणजे मंदावलेला शेवटचा भाग गळतो आणि अटॅक ठोस लागतो. उताराचं उलट आहे. तिथे हे वक्र मंदावणं कानाला सोयीचं पडतं, कारण आपला कान आवाजाची पातळी पटीत मोजतो. सरळ रेषेत उतरणारा आवाज आधी बराच वेळ तसाच राहिल्यासारखा वाटतो आणि शेवटी अचानक नाहीसा होतो. वक्र उतार एकसारखा मावळतो. सॉफ्टवेअर सिंथमध्ये रेषेला बाक देण्याची सोय असते, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. आवाज 'प्लास्टिकचा' वाटतोय अशी तक्रार असेल तेव्हा ओसिलेटर बदलण्याआधी डिकेचा बाक बदलून बघा. निम्म्या वेळा रोग तिथेच सापडतो.

अटॅक अगदी शून्य केला तर कधी कधी 'टक्' असा आवाज येतो. हा बिघाड नाही. लहर मध्येच कुठेतरी उंचावर असताना दार उघडलं गेलं की ती एकदम शून्यावरून तिथे उडी मारते, आणि ती उडी ऐकू येते. २ ते ५ मिलिसेकंदांचा अटॅक दिला की टक् जाते. ५० हर्ट्झच्या खर्जाची एकच लहर २० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे बेसवर हे जास्त जाणवतं. उलट बाजूने, अटॅक फार लांब असेल तर सूर तालात मागे पडल्यासारखा वाटतो. व्हायोलिनच्या ताफ्यासारखा पॅड वाजवणारे जाणते कीबोर्डवादक म्हणूनच हात समेच्या किंचित आधी ठेवतात.

एकाच वेळी अनेक स्वर वाजवायचे म्हटलं की प्रत्येक स्वराला स्वतःचा एन्व्हलप लागतो. हे सोपं नव्हतं. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच आवाज, प्रत्येकाला दोन, म्हणजे दहा एन्व्हलप. सुट्या भागांतून एवढी मंडळं बांधणं खर्चाचं आणि जिकिरीचं होतं. डग कर्टिस यांच्या सीईएम-३३१० सारख्या चिपने अख्खा एन्व्हलप एका तुकड्यात आणला आणि अनेक स्वरांचे सिंथ परवडू लागले. पुढे हे काम मायक्रोप्रोसेसरकडे गेलं. ऐंशीच्या दशकातल्या काही कीबोर्डांत प्रोसेसरला इतकी कामं असत की एन्व्हलप झपाट्याने चढू शकत नसे, आणि ठोक्याचे आवाज बोथट निघत. 'जुना ॲनालॉग अंगावर येतो' असं म्हणतात त्यातला बराचसा भाग या वेगाचा आहे. आजच्या संगणकांना ती अडचण उरलेली नाही.

एन्व्हलप आवाजाच्या पातळीला जोडणं ही पहिली पायरी. खरी किमया तो चमकेला जोडल्यावर होते. साठच्या दशकात बेल लॅब्जमध्ये जाँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटच्या स्वराचं संगणकाने बारकाईने विश्लेषण केलं. ट्रम्पेटमधली हार्मोनिक्स एका प्रमाणात, एकदम येत नाहीत, असं त्यांना दिसलं. स्वर जसा मोठा होतो तशी वरची हार्मोनिक्स भराभर वाढत जातात, म्हणजे आवाज चढतो तसा तो उजळतोही. पितळी वाद्याची ओळख या जोडीत आहे. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी हे सूत्र एफएमला लावलं. एका ओसिलेटरने दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी हलवायची आणि ती किती हलवायची हे एन्व्हलपवर सोपवायचं. पातळीचा आणि या हलवण्याचा आकार एकसारखा ठेवला की दोन साध्या साइन लहरींतून पितळ बोलायला लागतं. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि यामाहाने परवाना घेऊन १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आणला.

डीएक्स-७ वर फिल्टर नाही. सहा ऑपरेटर आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र एन्व्हलप, चार वेग आणि चार पातळ्यांचा. म्हणजे एका आवाजासाठी ४८ आकडे, वर स्वराच्या उंचीच्या एन्व्हलपचे आणखी आठ. आवाजाचा जवळजवळ सगळा प्राण या आकड्यांत आहे. त्याच्या इलेक्ट्रिक पियानोचा तो टणक 'टिंग' एका ऑपरेटरच्या झटपट विझणाऱ्या एन्व्हलपमधून येतो, आणि मागे राहणारा गोलवा दुसऱ्याच्या लांब उतारातून. शिवाय वरच्या पट्टीतले स्वर लवकर विझावेत अशी सोय होती, कारण खऱ्या तारवाद्यात लहान तार लवकर विझते. पण हे सगळं दोन ओळींच्या इवल्या पडद्यावर, एका वेळी एक आकडा, असं करावं लागे. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. नॉब समोर असणं आणि हात लावता येणं हा संगीताचाच भाग आहे. या बाबतीत मी जुन्या, कमी सोयींच्या पण सगळं उघड्यावर मांडणाऱ्या यंत्रांच्या बाजूने आहे.

रोलँडच्या १९८७ च्या डी-५० ने शेफर यांच्या घंटेचा धडा उलट्या बाजूने गिरवला. तेव्हा मेमरी महाग होती, अख्खी वाद्यं रेकॉर्ड करून भरणं परवडत नव्हतं. म्हणून त्यांनी खऱ्या वाद्यांच्या सुरुवातीचे तुकडे भरले आणि पुढचा लांबणारा सूर सिंथेसायझरने बनवला. सुरुवात खरी असली की कान पुढचं सगळं मान्य करतो. त्या काळातल्या चित्रपटसंगीतात आणि जाहिरातींत हा हवेशीर, काचेसारखा आवाज जगभर पसरला.

दुसऱ्या टोकाला रोलँडचीच टीबी-३०३. बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली ही पेटी बाजारात चालली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली. तिच्यावर एन्व्हलपचा एकच वेळ हातात येतो, फिल्टरचा डिके. शेजारी एन्व्हलपचा परिणाम किती हवा याचा नॉब आणि ॲक्सेंटचा नॉब. ॲक्सेंट दिलेल्या स्वरावर डिके एकदम आखूड होतो, आवाज वाढतो, आणि असे स्वर पाठोपाठ आले की फिल्टर अधिकाधिक वर उघडत जातो. स्लाइड दिलेल्या स्वरावर एन्व्हलप नव्याने सुरूच होत नाही. आधीच्या स्वराचा श्वास चालू असतानाच सूर पुढच्या जागी सरकतो. शिकागोत १९८७ मध्ये फ्यूचर या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि या आवाजाला नाव मिळालं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली होती. ती तेव्हा दुर्लक्षित राहिली आणि २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाने कान टवकारले. पुढे ॲसिड म्हणून ओळखला गेलेला आवाज मुंबईत आधी वाजला याचं लोकांना नवल वाटतं. मला तसं नवल वाटत नाही. एकच एन्व्हलप चालू ठेवून एका स्वरातून दुसऱ्यात सरकणारं स्वस्तातलं यंत्र हाती आलं, तर रागाची ओळख असलेला वादक त्यावर घसीटच शोधणार.

एन्व्हलप पुन्हा सुरू व्हावा की नाही, हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न म्हणूनच मोठा आहे. मिनीमूगवर एक की धरून दुसरी दाबली तर एन्व्हलप चालूच राहतो. एआरपी ओडिसीवर प्रत्येक की नवा घाव घालते. रोलँडच्या १९८२ च्या एसएच-१०१ वर यासाठी चक्क स्विच दिला आहे. ज्यांना तान हवी त्यांनी पहिली पद्धत घ्यावी, ज्यांना गमकेचा प्रत्येक झटका सुटा हवा त्यांनी दुसरी. आवाज 'गात' का नाही, असं विचारणाऱ्या दहांतल्या पाचांची अडचण हा एक स्विच असतो.

एन्व्हलप स्वराच्या उंचीला जोडला तर चर्मवाद्यं हाती येतात. साइन लहर घ्या, उंची २०० हर्ट्झच्या आसपास सुरू करून ६०-७० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झपर्यंत उतरवा, आवाजाचा डिके पाव सेकंद ठेवा; झाला नाचाच्या संगीतातला किक ड्रम. उतार दुप्पट लांबवला की त्याचा 'प्यूं' होतो, अगदी आखूड केला की नुसती ठेच उरते. आता हाच आकार उलटा करा. सुरुवात खाली, आणि ठोक्यानंतर पाव सेकंदात उंची चार-पाच सेमिटोन वर. डग्ग्यावर मनगट दाबत नेलेला 'घे' ओळखू येतो. हुबेहूब नाही, डग्ग्यावर मनगट कधी आधी दाबतं, कधी उशिरा, कधी दाबून सोडतं, आणि यंत्र दर वेळी तेच करतं. तरीही पडद्यावर रेषेचा एक बाक बदलला आणि किकचा डग्गा झाला, हे ज्याने एकदा ऐकलं त्याला एन्व्हलप समजावून सांगावा लागत नाही.

त्या सारखेपणातच या पद्धतीची उणीव आहे. अटॅक आणि डिके सुराचा जन्म सांगतात, रिलीज शेवट सांगतो. मधला काळ, जिथे गाणारा सूर लावून धरतो, तिथे चार नॉबांकडे फक्त एक सपाट रेषा आहे. पियानोसाठी ती चालते, कारण एकदा घाव पडल्यावर पियानोवादकाच्याही हातात फारसं काही उरत नाही. पण गायक षड्ज लावतो तेव्हा तो आधी हलका येतो, भरतो, किंचित मागे हटतो, उजळतो आणि पुढच्या स्वराकडे झुकतो. हे सगळं सस्टेनच्या भागात घडतं. आपल्याकडे पेटीवर हाच आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली तेव्हाच्या वादात श्रुतींबरोबरच मींड न निघण्याची तक्रार होती, आणि ती बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. पेटीवाल्यांनी भात्याच्या हाताने त्या सपाट सुरात प्राण ओतला. सिंथेसायझरवाल्याला भाता नाही.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला म्हणजे एन्व्हलपला आणखी टप्पे देणं. कोर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये सुरू होण्याआधीचा विलंब आणि थांबण्याचा वेळ आले, कॅसिओच्या सीझेड-१०१ मध्ये तर आठ टप्पे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी तशी रेषा माउसने काढता येते, तिची आवर्तनं करता येतात. लांब, संथ बदलणाऱ्या पॅडसाठी हे उत्तम आहे. पण टप्पे कितीही वाढवले तरी ते आधी ठरवलेलेच राहतात, आणि गाणाऱ्याचा सूर त्या क्षणी ठरत असतो. दुसरा उपाय म्हणजे मधला भाग हाताच्या किंवा श्वासाच्या ताब्यात देणं. यामाहाच्या सीएस-८० वर की दाबून आणखी जोर दिला की त्या एकाच स्वराची चमक वाढायची. याच कंपनीचा ब्रेथ कंट्रोलर तोंडात धरून फुंकेने डीएक्स-७ वाजवता येई. २०१८ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना जोडणाऱ्या मिडी या मानकात एमपीई ही व्यवस्था अधिकृत झाली, तिच्यामुळे प्रत्येक बोटाचा दाब, घसरण आणि वर-खाली सरकणं वेगवेगळं नोंदवता येतं. मला हाच मार्ग योग्य वाटतो. जन्म आणि शेवट एन्व्हलपवर सोपवावा, मध्य वादकाकडे असावा. आपल्या बहुतेक कीबोर्डवादकांच्या डाव्या हाताशी मात्र आजही पिच-बेंडचं चाक तेवढं असतं, आणि त्याच्यावर ते जे काढतात ते थक्क करणारं आहे. त्यांना दाब ओळखणारे, फुंकीने चालणारे कंट्रोलर परवडणाऱ्या दरात मिळायला हवेत. आपल्या बाजाराचं चित्र त्यामुळे खरोखर बदलेल.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. सर्ज एक्सटी, व्हायटल, व्हीसीव्ही रॅक हे सगळे सिंथ संगणकावर फुकट मिळतात. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच सॉ-वेव्ह आणि एक फिल्टर द्या, ओसिलेटरला हात लावायला मनाई करा. फक्त पातळीचा आणि फिल्टरचा असे दोन एन्व्हलप वापरून संतूर, पेटी, बासरी आणि ट्रम्पेट यांच्या जवळ जाणारे चार आवाज करून आणायला सांगा. मग साइन लहर देऊन डग्गा मागा. प्रीसेटची यादी त्यानंतर उघडा, आणि प्रत्येक प्रीसेट वाजवण्याआधी त्याचे एन्व्हलप पाहून तो कसा वाजेल हे विद्यार्थ्याकडून वदवून घ्या.